आधी गार पाणी

रक्ताला आधी गार पाणी. गरम घातलंत
की डाग जन्माचा राहिला.
गवताला व्हिनेगर.
चिखल मात्र पुरता वाळू द्यायचा, मग झटकायचा.
घाई केली की तो आत शिरतो.
एकोणतीस मोसम मी हेच करतेय,
कॉलेजच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
आणि खेळाचे नियम मला अजून धड येत नाहीत.

म्हणायचं फुटबॉल, पण पायाचं काम थोडं,
सगळा भार खांद्यावर.
चेंडू अंड्यासारखा, उसळून कुठं जाईल त्याचा नेम नाही.
दहा यार्डांसाठी बावीस पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात
आणि मग दोघंजण साखळी घेऊन येतात,
बांधाच्या भांडणात मोजणीवाले यावेत तसे.

सहा कॉलेजांची आमची कॉन्फरन्स.
नॉर्थ डकोटाच्या या टोकाहून कुठंही जा, बसचे पाच तास,
बाहेर माना टाकलेली सूर्यफुलं, मैलोन् मैल.
निकाल छापणारं एकच साप्ताहिक, तेही बुधवारचं,
तोवर हरल्याचं शिळं झालेलं असतं.

सप्टेंबरात हरलो. पुन्हा हरलो.
तिसऱ्या शनिवारी जिंकलो:
घामाचा वास तोच.
ऑक्टोबरात क्वार्टरबॅकचं मनगट मोडलं.
त्या रात्री कोच हालवर्सन खाली आला
आणि काही न बोलता टॉवेलांच्या घड्या घालत बसला,
वाकड्यातिकड्या.
तो गेल्यावर मी त्या उलगडून परत घातल्या.

त्रेसष्ट नंबर, एलिसेओ रेंदोन.
टेक्ससच्या पार खालच्या टोकाचा.
ऑगस्टमध्ये आला तेव्हा विचारत होता,
झाडं कुठं ठेवलीत तुम्ही?
त्याची जर्सी दर शनिवारी गेली तशीच परत यायची,
छातीवर माझीच घडी.
बाकावर बसून माणसाला घामसुद्धा नीट येत नाही.
तरी मी ती धुवायचे. एक वगळली असती
तर साबणाच्या वासावरून त्याला कळलं असतं.

पाचव्या सामन्यानंतर मात्र तिच्यावर चिखल.
कोपरांवर, पोटावर, एक पट्टा पाठीवर.
मी नवऱ्याला फोन करणार होते, एवढा आनंद.
वाळू दिला. झटकला.
खाली पडली ती माती लाल.

आमचं मैदान काळं आहे.
लाल खडी पार्किंगमध्ये, जमिनीखालच्या कोळशानं
भाजून काढलेल्या दगडाची. इकडच्या रस्त्यांवर हीच टाकतात.
तिथल्या नळाशी कायम चिखल असतो.
म्हणजे सगळे पिझ्झा खायला गेल्यावर
हा पोरगा नळाशी ओणवा झाला असणार
आणि पाठीचं,
पाठीचं कसं जमवलं असेल त्यानं?
आडवा झाला असेल.

रात्री मर्ल म्हणाला, गप्प का?
म्हटलं, ड्रायरची जाळी तुंबलीय.

त्यानंतरचे घरचे दोन्ही सामने, लाल.
बाहेरगावी डांबरी पार्किंग; तिथून कोरीच आली.
मी प्रत्येक वेळी गार पाण्यात भिजवली, तासभर जास्त.
तो लाल सहजी सुटत नाही.

शेवटचा सामना बर्फात. सात-एकेचाळीस.
स्टँडमध्ये साठेक माणसं, ब्लँकेटं पांघरलेली.
कोणकोण उतरलं मैदानात, मी पाहिलं नाही,
ड्रायर खरंच बिघडला होता.
सगळ्या जर्स्या जड होऊन आल्या, पाणी गळत.
बर्फाचा डाग पडत नाही.
त्रेसष्टही तशीच, ओलीचिंब, इतरांसारखी.

ती दारातच धरून तो उभा राहिला.
नाक लाल, आयुष्यातला पहिला बर्फ केसांत.
म्हणाला, आज फारशी मळली नाही, मिसेस क्वामे.

म्हटलं, ठेव तिथं.
ओल्याचंच काम जास्त असतं.